कसाबसा पास झालेला प्रबंध आणि बोअरच्या पाण्याचा आकडा

धाराशिव जिल्ह्यात नवी बोअर घेतली आणि पाणी लागले, की लोक दोन गोष्टी विचारतात. पाणी किती इंच लागले आणि ते गोड आहे की मचूळ? पहिल्याचे उत्तर डोळ्यांना दिसते. दुसऱ्यासाठी पूर्वी ओंजळभर पाणी पिऊन पाहत. आता पाण्याचे जार पोहोचवणाऱ्यांपासून गावातल्या फिल्टर प्लांटपर्यंत अनेकांकडे पेनाएवढे टीडीएस मीटर असते. त्याचे टोक पाण्यात बुडवायचे आणि आकडा वाचायचा. कुठे ३०० येतो, कुठे ९००, तर कुठे त्याहून कितीतरी जास्त.

हे मीटर पाणी आटवत नाही आणि उरलेले क्षार तोलतही नाही. त्याच्या टोकाला धातूच्या दोन बारीक पिना असतात. त्या दोन पिनांमधल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढेच ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. पण कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. अगदी शुद्ध पाण्यातूनही ती जवळजवळ वाहत नाही. मग मीठ पाण्यात टाकले की वीज कशी वाहू लागते?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाने युरोपातल्या शास्त्रज्ञांना बराच काळ छळले. त्याचे उत्तर शोधणारा तरुण तेव्हा पंचविशीत होता. त्याच्या प्राध्यापकांना ते उत्तर इतके अविश्वसनीय वाटले, की त्याच्या प्रबंधाला त्यांनी अगदी खालची श्रेणी दिली. त्या तरुणाचे नाव स्वांते अऱ्हेनियस. शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकताना हे नाव कानावर पडते, व्याख्या पाठ होते आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरले जातात. त्या व्याख्येमागचा माणूस मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोजणीदाराचा मुलगा

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळच्या विक या ठिकाणी झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे. उप्साला विद्यापीठाच्या जमिनींची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. स्वांते तिसऱ्या वर्षीच, कोणी न शिकवता, वाचू लागला. वडील हिशेबाच्या वह्या लिहीत, तेव्हा शेजारी बसून तो बेरजा शिकला. आकड्यांची ही गोडी आयुष्यभर टिकली. आठव्या वर्षी तो उप्सालाच्या शाळेत थेट पाचवीच्या वर्गात दाखल झाला आणि १८७६ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून तिथल्याच विद्यापीठात गेला.

विद्यापीठात मात्र त्याचे मन रमेना. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्ह नावाजलेले शास्त्रज्ञ होते. होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये त्यांनी शोधली होती. पण क्लेव्ह यांचे रसायनशास्त्र नवे पदार्थ शोधण्याचे, ते वेगळे करण्याचे आणि तोलण्याचे होते. पदार्थ असे का वागतात याचा हिशेब मांडणे स्वांतेला हवे होते. शेवटी १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला गेला आणि विज्ञान अकादमीतले भौतिकशास्त्रज्ञ एरिक एडलुंड यांच्याकडे काम करू लागला.

तुकडे केव्हा होतात?

हा प्रश्न तेव्हा कुठवर आला होता, हे आधी पाहू. इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी द्रावणातून वीज सोडल्यावर काय होते याचा सखोल अभ्यास केला होता. वीज वाहताना द्रावणातून काहीतरी दोन्ही टोकांकडे सरकते हे त्यांनी दाखवले आणि १८३४ मध्ये त्या सरकणाऱ्या कणांना ‘आयन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. जे ऋण टोकाकडे जातात ते धन आयन आणि जे धन टोकाकडे जातात ते ऋण आयन.

पण हे आयन तयार केव्हा होतात? वीज सोडल्यावर तिच्या ओढीने मिठाचे तुकडे होतात, असा साधारण समज होता. जर्मनीचे रुडॉल्फ क्लाउसियस यांनी वीज नसतानाही थोडे रेणू फुटलेले असावेत असे सुचवले होते, पण ते अगदी किरकोळ प्रमाणात.

१८८२-८३ च्या हिवाळ्यात अऱ्हेनियस यांनी निरनिराळ्या क्षारांची, आम्लांची आणि आम्लारींची अतिशय विरल द्रावणे घेऊन त्यांची वाहकता मोजली. द्रावणात पाणी घालत जावे तसा एक चमत्कारिक प्रकार दिसे. पाणी वाढले की द्रावण एकूण कमी वीज वाहून नेई, ते साहजिकच होते. पण विरघळलेल्या प्रत्येक ग्रॅमच्या हिशेबाने पाहिले, तर त्या ग्रॅमची वीज नेण्याची ताकद वाढलेली असे. अमोनियासारख्या पदार्थांत तर ती फारच वाढे. पदार्थ तोच आणि तेवढाच, फक्त पाणी जास्त. मग त्याची ताकद वाढली कशी?

१७ मे १८८३ च्या रात्री त्यांना उत्तर सुचले आणि सगळा हिशेब जुळेपर्यंत झोप लागली नाही, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. उत्तर असे होते, की विरघळलेल्या पदार्थाचा काही भाग ‘सक्रिय’ असतो आणि काही ‘निष्क्रिय’. वीज फक्त सक्रिय भाग वाहून नेतो. पाणी वाढवले की निष्क्रिय भागातला आणखी काही सक्रिय होतो. सक्रिय म्हणजे नेमके काय, हे त्या वेळी त्यांनी पूर्ण उघड करून लिहिले नाही. पण दिशा स्पष्ट होती. पदार्थ फुटण्यासाठी वीज लागत नाही, पाणी पुरते. मीटरच्या पिना पाण्यात बुडण्याआधीच त्यातले आयन तिथे फिरत असतात.

चौथी श्रेणी

हे काम त्यांनी फ्रेंच भाषेत सुमारे दीडशे पानांत मांडले आणि १८८४ मध्ये डॉक्टरेटसाठी उप्साला विद्यापीठाला सादर केले. त्याआधी मोठ्या उत्साहाने ते क्लेव्ह यांना आपली नवी कल्पना सांगायला गेले होते. क्लेव्ह यांनी दोन शब्दांत कौतुक करून त्यांची बोळवण केली. त्यांचाही अगदीच दोष नव्हता. रोज कुणी ना कुणी नवा सिद्धांत घेऊन येतो आणि त्यातले बहुतेक थोड्याच दिवसांत विरून जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली आणि तोंडी परीक्षेत त्याचा बचाव केल्यावर त्याबद्दल तिसरी. पदवी हाती आली, पण या गुणांवर विद्यापीठात शिकवण्याची नोकरी मिळणे कठीण होते. वर्षानुवर्षे हुशार म्हणून नावाजलेल्या मुलाची गाडी ऐन मोक्याच्या ठिकाणी अडली. अऱ्हेनियस खचले असते तर नवल नव्हते. त्यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या काही नामवंत शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या.

त्यातली एक प्रत रिगा शहरात विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना मिळाली. ओस्टवाल्ड तेव्हा आम्लांच्या ताकदीवर काम करत होते. कोणते आम्ल किती जोरकस, हे ते रासायनिक क्रियांच्या वेगावरून ठरवत. त्यांनी आपल्या आकड्यांशेजारी अऱ्हेनियस यांच्या वाहकतेचे आकडे ठेवले आणि दोन्ही जुळले. जे आम्ल जास्त वीज नेते, तेच जास्त जोरकस. ओस्टवाल्ड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उप्सालाला आले आणि अऱ्हेनियस यांना रिगात नोकरी देऊ केली. परदेशातला प्रसिद्ध प्राध्यापक ज्याला भेटायला एवढ्या लांब येतो, त्याला डावलणे आता उप्सालालाही अवघड झाले. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस रिगाला जाऊ शकले नाहीत, पण त्यांना उप्सालातच शिकवण्याची नेमणूक मिळाली. पुढच्या वर्षी वडील वारले.

त्यानंतर अकादमीच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी काही वर्षे युरोपातल्या प्रयोगशाळा पालथ्या घातल्या. ओस्टवाल्ड, बोल्ट्झमन, व्हान्ट हॉफ अशा दिग्गजांबरोबर त्यांनी काम केले. फ्रीडरिश कोलराउश यांच्याकडेही ते राहिले. द्रावणाची वाहकता मोजताना सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वापरावा, म्हणजे टोकांवर रासायनिक क्रिया होऊन मापन बिघडत नाही, ही कोलराउश यांची पद्धत. आजचे टीडीएस मीटरही तीच वापरते.

एकाचे दोन, एकाचे तीन

सिद्धांताला खरा आधार मिळाला तो वेगळ्याच वाटेने. बर्फाच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकतात, हे अनेकांनी पाहिले असेल. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. तो किती खाली जाईल हे पाण्यात विरघळलेले कण किती आहेत यावर ठरते, ते कण कशाचे आहेत यावर नाही. नेदरलँड्सचे व्हान्ट हॉफ विरल द्रावणांचे असे नियम मांडत होते. साखर त्या नियमात चपखल बसे. मीठ मात्र बसत नव्हते. मिठाचे जितके रेणू विरघळवले, त्याच्या जवळजवळ दुप्पट कण असल्यासारखे ते वागे. कॅल्शियम क्लोराइड जवळजवळ तिपटीसारखे.

अऱ्हेनियस यांना इथे काय चालले आहे ते लगेच कळले. मिठाच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात, सोडियमचा एक आणि क्लोरिनचा एक. कॅल्शियम क्लोराइडचे तीन होतात, कॅल्शियमचा एक आणि क्लोरिनचे दोन. साखरेचा रेणू अख्खाच राहतो आणि म्हणूनच साखरेचे पाणी वीज नेत नाही. वाहकता मोजून किती रेणू फुटले हे काढले आणि गोठणबिंदू मोजून तेच काढले, तर बहुतेक द्रावणांत दोन्ही उत्तरे जवळपास सारखी येत. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन साक्षीदारांनी एकच हकिकत सांगावी, तसे हे होते. १८८७ मध्ये ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी सुरू केलेल्या नव्या नियतकालिकात अऱ्हेनियस यांनी हा आयनी विचरणाचा सिद्धांत या वेळी आडपडदा न ठेवता मांडला. शाळेत शिकवतात ती व्याख्या त्यातूनच आली. पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी.

विरोध तरीही थांबला नाही. इंग्लंडचे हेन्री आर्मस्ट्राँग आणि आवर्तसारणीचे जनक रशियाचे मेंडेलीव्ह यांना हे पटत नव्हते. त्यांच्या बाजूच्या लोकांचा आक्षेप कुणालाही पटेल असा होता. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो. क्लोरिन हा विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे फिरत असतील, तर पाणी पेट का घेत नाही आणि ते प्यायल्यावर माणूस दगावत कसा नाही?

अऱ्हेनियस यांचे उत्तर असे, की सोडियम आणि सोडियमचा आयन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयनावर विद्युतप्रभार असतो आणि त्या प्रभाराने त्याचे सगळे वागणे बदलते. उत्तर बरोबर होते, पण प्रभार येतो कुठून हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागला. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि क्लोरिनच्या बाहेरच्या कक्षेत सात. सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन दिला आणि क्लोरिनने तो घेतला, की दोघांचीही बाहेरची कक्षा आठ इलेक्ट्रॉनांनी भरते. सोडियमवर धन प्रभार येतो, क्लोरिनवर ऋण. हे विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात, तोच आयनिक बंध. ही मांडणी जर्मनीच्या कोसेल आणि अमेरिकेच्या लुईस यांनी १९१६ मध्ये केली. भडकणारा सोडियम आपला इलेक्ट्रॉन देण्यासाठी उतावळा असतो. देऊन झाल्यावर त्याच्याकडे भडकण्यासारखे काही उरत नाही.

त्याच सुमारास ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाचा खडा तपासला आणि अऱ्हेनियस यांच्याही पुढची गोष्ट समोर आली. खड्यात मिठाचे वेगळे रेणू नसतातच. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडावेत, तसे त्यात सोडियम आणि क्लोरिनचे आयन तिन्ही दिशांनी रचलेले असतात. एका सोडियमला सहा क्लोरिन शेजारी आणि एका क्लोरिनला सहा सोडियम. म्हणजे पाणी मिठाचे आयन तयार करत नाही. आधीच असलेल्या आयनांना वेढून ते फक्त मोकळे करते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असते, म्हणून त्याला हे जमते.

मिठासारखे क्षार पाण्यात पूर्णपणे सुटे होतात हे गृहीत धरून १९१८ मध्ये नवा सिद्धांत मांडणारा तरुण भारतीय होता. ते ज्ञानचंद्र घोष. पुढे ते खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. त्यांच्या सिद्धांताची जागा १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांच्या अधिक अचूक सिद्धांताने घेतली. अऱ्हेनियस यांची मूळ मांडणी सौम्य आम्ल-आम्लारींना आजही लागू पडते. जोरकस क्षारांच्या बाबतीत ती सुधारावी लागली.

नोबेल आणि त्यानंतर

१८९१ मध्ये अऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च शिक्षण संस्थेत शिकवू लागले आणि १८९५ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. हे काम भौतिकशास्त्राचे की रसायनशास्त्राचे, यावरही तेव्हा खल झाला होता. गंमत अशी, की त्या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष होते तेच क्लेव्ह. ज्यांच्या विद्यापीठाने या प्रबंधाला चौथी श्रेणी दिली, त्यांच्याच समितीच्या हातून एकोणीस वर्षांनी त्याच कामाचा गौरव झाला. क्लेव्ह यांनी आपले मत बदलले होते, हीही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट.

अऱ्हेनियस एका विषयात अडकून राहिले नाहीत. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग किती वाढतो, याचे त्यांनी १८८९ मध्ये दिलेले समीकरण आजही वापरात आहे. फ्रीजमध्ये दूध का टिकते, याचा हिशेब त्यातूनच मांडता येतो. विषे आणि प्रतिविषे यांच्यातील क्रियांना रसायनशास्त्राचे नियम लावून त्यांनी रोगप्रतिकारशास्त्रातही काम केले. १८९६ मध्ये, सुमारे वर्षभर हाताने आकडेमोड करून, त्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापेल असे काढले. हा आकडा आजच्या अंदाजापेक्षा थोडा जास्त आहे, पण दिशा अचूक होती. हे व्हायला कित्येक शतके लागतील असे त्यांना वाटे आणि थंड देशात राहणाऱ्या त्यांना ती ऊब हवीशीच वाटली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात बसून ते गणित वेगळे दिसते.

त्यांच्या आयुष्याची काळी बाजूही सांगायला हवी. माणसांच्या वंशांची प्रतवारी करणाऱ्या आणि वंशशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या स्वीडनमधील चळवळीत ते सक्रिय होते. १९२२ मध्ये उप्सालात सरकारी वंशजीवशास्त्र संस्था उभी राहिली, तिलाही त्यांचा पाठिंबा होता. पुढे याच विचारांतून त्या देशात नसबंदीचे कायदे आले आणि हजारो माणसे त्यांत भरडली गेली. मेंडेलीव्ह यांचे नोबेल हुकण्यामागेही अऱ्हेनियस यांचा विरोध होता, असे अभ्यासक मानतात. आपली कल्पना नाकारली गेल्याचे दुःख भोगलेला माणूस दुसऱ्यांच्या बाबतीत उदार असेलच असे नाही.

१९०५ पासून ते स्टॉकहोमच्या नोबेल संस्थेतील भौतिक रसायनशास्त्र विभागाचे संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले आणि उप्सालात दफन झाले.

आपल्या घरातले आयन

अऱ्हेनियस यांचा हिशेब आज आपल्याला सर्वांत उपयोगी पडतो तो ओआरएसच्या पाकिटात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. या द्रावणाची तीव्रता २४५ अशी सांगतात. हा आकडा मिळतो तो प्रत्येक आयन सुटा मोजून. सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५. बेरीज करून पाहा, २४५ येते. मीठ पाण्यात अख्खे राहते असे धरले असते तर हा हिशेब चुकला असता.

ही तीव्रता रक्तापेक्षा थोडी कमी ठेवलेली असते, म्हणून आतडे पाणी शोषून घेते. पाकीट अर्धा लिटरमध्ये कालवले तर आयनांची दाटी वाढते आणि अंगात पाणी जाण्याऐवजी जुलाब वाढू शकतात. लहान मुलांमध्ये हे धोक्याचे ठरते. फार पाणी घातले तर क्षार अपुरे पडतात. म्हणून एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच घालायचे, अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. इथे चमचा म्हणजे चहाचा. बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा लघवी थांबली तर घरी थांबू नये.

आता पुन्हा बोअरच्या पाण्याकडे. धाराशिवचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून मुरताना त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे आयन सोबत घेते. जितके खोल आणि जितका जास्त काळ पाणी खडकात राहील, तितके आयन जास्त. पातेल्याला आणि गिझरला बसणारा पांढरा थर त्यातूनच येतो. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण डाळीच्या दाण्यातल्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियमचे आयन आणखी घट्ट करतात.

मीटरवरचा आकडा म्हणजे या सगळ्या आयनांची मिळून वाहकता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. पण वीज आयनांची एकत्रित हजेरी घेते, त्यांची नावे विचारत नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम दाखवणाऱ्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकते आणि मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. खतांतून व सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. तेही बेरजेत मिसळून जाते. जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरवणारे जंतू तर आयनच नसतात. मीटरने कमी आकडा दाखवलेले पाणी जंतूंनी भरलेले असू शकते.

म्हणून नव्या बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरण्यापूर्वी, तसेच पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. गावच्या स्रोतांचे नमुने घेण्यासाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक असतात, त्यांच्याकडे चौकशी करता येते. अहवालात फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा आणि जंतू यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. जार घेत असाल तर विक्रेत्याकडेही मीटरचा आकडा न मागता असा तपासणी अहवाल मागावा.